क्षमेचा अधिकार कोणाचा?
बिशप फेस्टो किवेंगेरे यांच्या ‘आय लव्ह इदी अमीन’ या पुस्तकाचे परीक्षण

बिशप फेस्टो किवेंगेरे यांचे ‘आय लव्ह इदी अमीन’ हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत लेखकाने आपल्या पत्नीसह डोंगर तुडवीत, पायी सरहद्द ओलांडून रवांडात आश्रय घेतला होता. पुस्तक ओल्या जखमेतून लिहिलेले आहे, ही गोष्ट ते वाचताना विसरता येत नाही. आमच्या मंडळ्यांतील ज्या थोड्या लोकांनी ते वाचले आहे, त्यांनी क्षमेचा एक थोर दाखला म्हणून त्याची आठवण जपली आहे. उपदेशात वैऱ्यावर प्रीति करण्याचा विषय निघाला की या पुस्तकाचे नाव घेतले जाते, आणि नाव घेतले की विषय संपतो. तो तेथे संपू नये, असे आम्हांस वाटते. युगांडातील आठ वर्षांच्या जुलमात जुलमी व पीडित यांच्याखेरीज तिसराही एक पक्ष होता. तो म्हणजे पाहणारे जग. क्षमेचा गौरव करण्याच्या भरात या तिसऱ्या पक्षाचा हिशेब मागावयाचा राहून गेला आहे.

सुरतेत राहून या विषयावर लिहिण्यास कारण आहे. या बंदरातून कापड पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई व तेथून हस्तिदंत इकडे येई, हा व्यवहार कित्येक शतकांचा. पुढे गुजरातच्या अनेक भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे जाऊन स्थायिक झाली. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबेही एंटेबे व कंपाला येथे कारकुनी व शिक्षकी पेशात होती. ता. ४ ऑगस्ट १९७२ रोजी अमीनने आशियाई लोकांना देश सोडून जाण्याची आज्ञा केली आणि नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा त्या आज्ञेचा आघात इकडच्या घरांपर्यंत येऊन पोचला. आजही या प्रांतात युगांडाचे नाव काढले की दुकान गेले, घर गेले, अंगावरच्या कपड्यांनिशी निघावे लागले, एवढेच आठवते. आपले लोक निघून आल्यावर मागे राहिलेल्या युगांडावासीयांचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. किवेंगेरे यांचे पुस्तक त्या मागे राहिलेल्यांचे आहे. म्हणूनही ते येथे वाचले जावे.

१. पुस्तकाची पार्श्वभूमी

ता. २५ जानेवारी १९७१ रोजी सेनापती इदी अमीन याने मिल्टन ओबोटे यांची सत्ता उलथून टाकली. कंपालाच्या रस्त्यांवर त्या दिवशी लोकांनी आनंद केला. ब्रिटनने थोड्याच दिवसांत नव्या राजवटीस मान्यता दिली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमीनचा लंडनमध्ये पाहुणचार झाला. सैन्यातील अचोली व लांगी जमातींच्या शिपायांची कत्तल त्यापूर्वीच सुरू झाली होती. सप्टेंबर १९७२ मध्ये सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना उच्च न्यायालयातूनच पकडून नेण्यात आले व ठार करण्यात आले. जानेवारी १९७३ मध्ये ‘मुन्नो’ या कॅथॉलिक वृत्तपत्राचे संपादक फादर क्लेमेंट किग्गुंडू यांची हत्या झाली. मृतांची नक्की मोजदाद कधीच झाली नाही. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाच्या मते ती संख्या ८०,००० हून कमी नव्हती, आणि ३,००,००० च्या आसपास असण्याचा संभव अधिक होता.

ता. ५ फेब्रुवारी १९७७ च्या रात्री शिपायांनी आर्चबिशप जनानी लुवुम यांच्या निवासस्थानात शिरून शस्त्रांसाठी झडती घेतली. शस्त्रे सापडली नाहीत. त्यानंतर बिशपांनी एकत्र येऊन अमीनला एक पत्र लिहिले. देशात माणसे नाहीशी होत आहेत, कायद्याची जागा बंदुकीने घेतली आहे, ही गोष्ट त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडली. ता. १६ फेब्रुवारीस या सर्वांना कंपालात बोलावून हजारो शिपायांसमोर उभे करण्यात आले व कटाचा आरोप ठेवण्यात आला. इतर बिशपांना जाऊ दिले. आर्चबिशपांना ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी सरकारने जाहीर केले की, आर्चबिशप आणि ओर्येमा व ओबोथ ओफुंबी हे दोन मंत्री मोटार-अपघातात मरण पावले. या कथेवर कोणीही विश्वास ठेवला नाही. मृतदेह नामिरेंबे येथील कॅथीड्रलमध्ये आणू न देता दूर उत्तरेस त्यांच्या गावी पाठविण्यात आला. तरीही पुढील रविवारी हजारो लोक त्या कॅथीड्रलमध्ये जमले. खणून ठेवलेली कबर रिकामी होती. त्या रिकाम्या कबरीभोवती उभ्या राहिलेल्या लोकांना पुनरुत्थानाच्या प्रातःकाळचे स्मरण झाले.

२. पुस्तकाचे सामर्थ्य

किवेंगेरे हे किगेझीचे बिशप व पूर्व आफ्रिकेतील पुनरुज्जीवनाच्या चळवळीत वाढलेले उपदेशक होते. पापाची उघड कबुली आणि क्रूसाच्या पायथ्याशी समेट ही या चळवळीची भाषा, आणि हीच पुस्तकाचीही भाषा आहे. १९७३ साली कबाले येथे तीन माणसांना लोकांसमोर गोळ्या घालण्यात आल्या, तो प्रसंग त्यांनी वर्णिला आहे. मृत्यूकडे जाणाऱ्यांना धीर देण्यास गेलेल्या बिशपासच त्या मरणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरील शांति पाहून धीर आला. हा भाग कोणत्याही हुतात्मचरित्रात शोभावा असा आहे. लेखक त्यात एकही शब्द जास्त बोलत नाही.

पुस्तकाचा मध्यबिंदु मात्र लंडनमधील एक उत्तम शुक्रवार आहे. परदेशी आल्यावर अमीनविषयीचा द्वेष आपल्या अंतःकरणात कसा साचत गेला व त्यामुळे प्रार्थनाही कशी कोरडी झाली, हे लेखक सांगतो. त्या दिवशीच्या उपासनेत, क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी केलेली प्रभूची विनंती त्याच्या कानी पडली आणि तिच्या कक्षेतून अमीनला वगळण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्याला उमजले. पुस्तकाचे नाव तेथून आले आहे. ते नाव वाचकास धक्का देण्यासाठी घेतलेले नाही. ज्याचा आर्चबिशप मारला गेला, ज्याला आपली मंडळी सोडून पळावे लागले, त्या मनुष्याने ते घेतले आहे, आणि त्याची किंमत त्याने आधी दिली आहे.

दुसरी एक गोष्ट वाचक सहसा लक्षात घेत नाहीत. क्षमा करणारा हाच मनुष्य अमीनला पाठविलेल्या त्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकी एक होता. अपराध्याच्या तोंडावर अपराध सांगणे व त्याच्यासाठी प्रार्थना करणे या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणातून आल्या. आधी सत्य बोलले गेले व नंतर क्षमा झाली, हा क्रम महत्त्वाचा आहे. लुवुम यांचा मृत्यु त्या पहिल्या कृत्यासाठी झाला. ते पत्र पुस्तकातून वगळले असते, तर उरलेल्या क्षमेस वजन राहिले नसते.

३. पुस्तकात काय नाही

पुस्तकाची उणीव त्याच्या सामर्थ्याच्या शेजारीच आहे. लेखकाच्या दृष्टीसमोर तीन व्यक्ति आहेत: देव, पीडित आणि जुलमी. अमीनला शस्त्रे कोणी दिली, त्याचा माल कोणी घेतला, त्याला व्यासपीठ कोणी दिले, हे प्रश्न या रचनेत बसत नाहीत. पुनरुज्जीवनाच्या परंपरेत मोठे झालेल्या लेखकाकडून राजकीय निबंधाची अपेक्षा आम्ही करीत नाही. त्याने जे लिहिले ते लिहिण्याचा त्याचा अधिकार होता. परंतु आम्ही, जे दूर बसून वाचतो, आमच्या वाचनाचा दोष आम्हांस लेखकावर टाकता येणार नाही. पीडिताने केलेली क्षमा आम्ही आमच्याच खात्यावर जमा करून घेतली आहे. किवेंगेरे यांनी अमीनला क्षमा केली, म्हणून जणू या प्रकरणाचा निकाल लागला, अशा समाधानाने पुस्तक मिटले जाते.

हा निकाल लागलेला नाही, हे दाखविण्यास काही गोष्टी येथे नमूद करणे अवश्य आहे.

आफ्रिकी ऐक्य संघटनेचे शिखर संमेलन १९७५ च्या जुलैअखेर कंपाला येथे भरले आणि अमीन त्या संघटनेचा वर्षभरासाठी अध्यक्ष झाला. टांझानिया, झांबिया व बोट्स्वाना यांनी या संमेलनावर बहिष्कार घातला. इतरांच्या माणसांविषयी गोऱ्या राजवटींना जाब विचारणारी संघटना आपल्याच एका सभासदाच्या हातून मरणाऱ्या आफ्रिकी माणसांविषयी गप्प का, हा टांझानियाच्या सरकारचा प्रश्न होता. त्यास उत्तर मिळाले नाही. त्याच वर्षी पोप सहावे पॉल यांच्या भेटीचा मान अमीनला मिळाला, आणि ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उभे राहून त्याचे स्वागत केले. १९७७ साली, आर्चबिशपांच्या हत्येच्या वर्षी, युगांडा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाचा सदस्य होता. विधिज्ञ आयोगाने १९७४ पासून पाठविलेल्या तक्रारी गुप्त कार्यपद्धतीच्या दप्तरात फिरत राहिल्या. जून १९७७ मध्ये राष्ट्रकुलाच्या परिषदेने स्पष्ट शब्दांत निषेध केला, तोपर्यंत अमीनच्या सत्तेस सहा वर्षे उलटून गेली होती.

शब्दांची ही कथा झाली. व्यापाराची तर याहून वाईट आहे. युगांडाचे परकीय चलन जवळजवळ सर्वस्वी कॉफीवर अवलंबून होते आणि त्या कॉफीचा सुमारे एक तृतीयांश भाग अमेरिका विकत घेत असे. अमेरिकेने कायद्याने या व्यापारावर बंदी घातली ती ऑक्टोबर १९७८ मध्ये. ब्रिटनने जुलै १९७६ मध्ये राजनैतिक संबंध तोडले; तरीही त्यानंतर लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून व्हिस्की व चैनीच्या वस्तू भरलेली विमाने एंटेबेस जात राहिली. या वस्तू अमीन आपल्या सैनिकांत वाटी, आणि त्यांची निष्ठा त्यावर टिकून होती. सोव्हिएत संघाने शस्त्रे पुरविली. लिबियाने पैसा व शेवटी सैनिकही पाठविले. तेव्हा जग निष्क्रिय होते, असे म्हणणे पुरेसे नाही. जग सक्रिय होते. ते खरेदी-विक्री करीत होते. पेढीवर वाढलेल्या सुरतेच्या माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही, की ज्या मालाच्या पैशातून गोळी विकत घेतली जाते, त्या मालाचे गिऱ्हाईक तटस्थ नसते.

आपल्या देशाविषयी काय म्हणावे? १९७२ साली भारत सरकारचा आग्रह असा होता, की ब्रिटिश पारपत्र असलेल्यांची जबाबदारी ब्रिटनची आहे. कायद्याने ते खरे होते. परंतु त्या वादात पारपत्र कोणाचे, एवढाच प्रश्न उरला आणि हाकलून देणाऱ्याच्या राजवटीचे स्वरूप काय, हा प्रश्न मागे पडला. लुवुम मारले गेले तेव्हा आपल्या देशात आणीबाणी उठलेली नव्हती. दुसऱ्याच्या घरातील स्वातंत्र्याविषयी बोलण्यास आपला कंठ मोकळा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

४. दोन पूरक ग्रंथ

किवेंगेरे यांच्या पुस्तकाबरोबर आणखी दोन पुस्तके वाचावीत, असे आम्ही सुचवितो. पहिले हेन्री क्येंबा यांचे ‘अ स्टेट ऑफ ब्लड’ (१९७७). क्येंबा हे अमीनचे खाजगी सचिव व पुढे आरोग्यमंत्री होते. १९७७ साली ते देशाबाहेर पडले. रुग्णालयांच्या शवागारांत काय येते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? पुस्तकातील माहिती मोलाची आहे; परंतु इतकी वर्षे त्याच मेजावर बसलेल्या मनुष्याची ती साक्ष आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे. किवेंगेरे आपल्या द्वेषाची कबुली देतात, तशी आपल्या सहभागाची कबुली क्येंबा देत नाहीत. जुलमी राजवट एकट्याने चालत नाही, हे मात्र त्यांच्या पुस्तकामुळे पटते.

दुसरे महमूद ममदानी यांचे ‘फ्रॉम सिटिझन टु रेफ्यूजी’ (१९७३). मुंबईत जन्मलेले व कंपालात वाढलेले ममदानी १९७२ साली हाकलले गेलेल्यांपैकी एक. हद्दपारीच्या अखेरच्या महिन्यांविषयी व नंतर लंडनच्या छावणीतील जिण्याविषयी ते लिहितात. आश्रय देणाऱ्या देशाची दयाही आश्रिताचे माणूसपण कसे काढून घेते, हे त्यांनी दाखविले आहे. वसाहतीच्या रचनेत आशियाई समाजास जे मधले स्थान मिळाले होते, त्याचाही विचार त्यांचे लेखन टाळीत नाही. आपल्या आप्तांच्या दुःखाकडे पाहताना गुजरातेतील व गोव्यातील वाचकास ही दृष्टि उपयोगी पडेल. त्या दुःखाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

५. ओबद्याचे पुस्तक

या प्रश्नावर शास्त्राचे कोणते वचन लावावे? आमच्या मते जुन्या करारातील सर्वांत लहान पुस्तक येथे लागू पडते. ओबद्या संदेष्टा अदोमास दोष देतो. यरुशलेमेच्या नाशाच्या दिवशी परक्यांनी याकोबाची मालमत्ता नेली, वेशीत शिरून चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा अदोम बाजूस उभा राहिला. आणि संदेष्टा त्या बाजूस उभे राहण्यालाच लुटारूंच्या पंक्तीत बसवितो (ओबद्या ११). पुढील वचनांत तर उभे राहण्यापासून पाहण्यापर्यंत, पाहण्यापासून आनंद मानण्यापर्यंत, आणि शेवटी पळणाऱ्यांना नाक्यावर अडविण्यापर्यंत अदोम कसा उतरत गेला, याची पायरीपायरीने मांडणी आहे. अदोमाने युद्ध सुरू केले नव्हते. तो भाऊ होता, शेजारी होता, आणि त्याला घडणारे दिसत होते. त्याचा अपराध एवढ्यावरूनच ठरतो.

आता क्षमेकडे वळू. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो, आणि सर्वांच्या आधी देवाचा. स्तेफनाने आपल्या मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली, परंतु वस्त्रे सांभाळीत उभ्या असलेल्या शौलाने ती केली असती तर ती थट्टा झाली असती. शौलास क्षमा करावयाची नव्हती. त्याला ती मागावयाची होती, आणि त्याआधी दिमिष्काच्या वाटेवर थांबविले जावयाचे होते. लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को व नवी दिल्ली यांची जागा या चित्रात कोठे आहे, हे उघड आहे. आम्हां दूरच्या वाचकांचीही जागा त्यांच्यापासून फार लांब नाही. क्षमेविषयीची प्रवचने जुलमाविषयीच्या साक्षीची जागा घेऊ लागली, की मंडळी वस्त्रांच्या ढिगाजवळ उभी राहिली असे समजावे.

यावर एक आक्षेप येईल, व तो विचार करण्याजोगा आहे. जगाने करावयाचे तरी काय होते? सैन्य पाठवावयाचे होते काय? शेवटी सैन्यच गेले. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमीनच्या फौजा टांझानियाच्या कागेरा प्रदेशात शिरल्या. अध्यक्ष न्येरेरे यांनी प्रतिकार केला आणि एप्रिल १९७९ मध्ये कंपाला पडले. या युद्धाने टांझानियासारखा गरीब देश कर्जात बुडाला. त्याच वर्षीच्या मन्रोव्हिया येथील आफ्रिकी संमेलनात, अमीनच्या बळींविषयी वर्षानुवर्षे न उघडलेली तोंडे न्येरेरे यांनी सरहद्द ओलांडल्याबद्दल दोष देण्यास उघडली. युगांडातही शांति आली नाही. ओबोटे यांच्या दुसऱ्या कारकीर्दीत लुवेरो भागात पुन्हा रक्तपात झाला व तो १९८६ पर्यंत चालला. म्हणून शस्त्रांचे गुणगान आम्ही करणार नाही.

परंतु हा आक्षेप युद्ध किंवा मौन असे दोनच मार्ग आहेत, हे गृहीत धरतो. १९७१ ते १९७८ या वर्षांत कॉफी न घेता आली असती. व्हिस्कीची विमाने थांबविता आली असती. अध्यक्षपद नाकारता आले असते. आमसभेत बसून राहता आले असते. यांपैकी एकाही गोष्टीस एकही गोळी लागली नसती. जी सौम्य साधने हाती होती ती वेळीच वापरली नाहीत, म्हणून शेवटी सर्वांत कठोर साधन सर्वांत गरीब शेजाऱ्यास वापरावे लागले. अमीन स्वतः सौदी अरेबियात निवांत राहिला व १६ ऑगस्ट २००३ रोजी जेद्दा येथे मरण पावला. कोणत्याही न्यायासनासमोर तो कधी उभा राहिला नाही.

६. आजचा प्रसंग

हा सर्व जुना इतिहास आहे, असे कोणी म्हणेल. आफ्रिकी संघाने २००० साली आपल्या घटनेत गंभीर गुन्ह्यांच्या प्रसंगी हस्तक्षेपाचा अधिकार लिहून घेतला आणि २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी लोकसंरक्षणाची जबाबदारी मान्य केली, हे खरे आहे. कागद बदलला. माणसे कितपत बदलली, हे पाहण्यास आपल्या पूर्वेच्या सरहद्दीवर जावे. ता. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये सैन्याने सत्ता बळकावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिन प्रांतातील थांतलांग या गावातील घरे पेटली, आणि आग विझविण्यास धावलेल्या एका बॅप्टिस्ट पाळकास गोळी घालून ठार करण्यात आले. शेजारी राष्ट्रांच्या संघटनेने पाच कलमी सहमति जाहीर केली. सेनाधिकाऱ्यांनी ती बाजूस सारली. जून २०२१ मध्ये आमसभेत म्यानमारविषयीचा ठराव आला, तेव्हा आपला देश तटस्थ राहिला. केंद्र सरकारने ईशान्येकडील राज्यांना लोंढा अडविण्याच्या सूचना दिल्या. मिझोराममधील मंडळ्यांनी व तेथील सामान्य लोकांनी मात्र हजारो निर्वासितांना घरांत, शाळांत व उपासनामंदिरांत जागा दिली. ओबद्याने ज्या नाक्याचे नाव घेतले, त्या नाक्यावर ते अदोमासारखे उभे राहिले नाहीत. आपल्या शेजारच्या भावास त्यांनी ओळखले.

तेव्हा किवेंगेरे यांचे पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. क्षमेविषयी त्याहून प्रामाणिक लेखन आमच्या पाहण्यात थोडे आले आहे. वाचून झाल्यावर मात्र उपदेशाच्या टिपणांत ‘वैऱ्यावर प्रीति’ या शीर्षकाखाली त्याची नोंद करून थांबू नये. शेजारी दुसरे एक पान घ्यावे, आणि ज्या देशांत आज माणसे नाहीशी होत आहेत, त्यांच्याशी आपला व्यापार कोणता, आपले मत कोणते, आपल्या सरहद्दीवरचा नाका उघडा की बंद, हे त्यावर लिहावे. मंडळीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या देशांची नावे घेतली जावीत, आणि जे प्रतिनिधी आमच्या नावाने मत देतात त्यांना पत्रे लिहिली जावीत. कंपालातील बिशपांनी जे पत्र लिहिले, त्यासाठी एकास प्राण द्यावे लागले. आम्हांस तेवढी किंमत पडणार नाही. म्हणूनच आमच्या मौनास त्यांच्याएवढेही निमित्त उरत नाही.